अप्पा, तुमचा हात बटणावर नव्हता

अप्पा,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या नेटवर मी तुमच्याबद्दल चार मिनिटं बोलले. नेट म्हणजे आपल्या भागातल्या हौशी हॅम रेडिओवाल्यांची सकाळी सातची हवेतली हजेरी, हे आपल्या मंडळाचा अंक पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी सांगते. हजेरी मी घेते. त्या चार मिनिटांत मी म्हणाले की जळकोटच्या मल्लिनाथ अप्पांसारखा काटेकोर ऑपरेटर पुन्हा मिळणार नाही. हायवेवरच्या दुकानात ट्रकवाल्यांचे टेप दुरुस्त करता करता त्यांनी आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या हातात सोल्डरिंगची कांडी दिली, असंही म्हणाले. सगळे शांतपणे ऐकत होते. लोहाऱ्याचे काझीभाई शेवटी म्हणाले, "बाई, चांगलं बोललात." मलाही तसंच वाटलं.

त्यात खोटं काही नव्हतं. पण ज्या माणसाला मी काटेकोर म्हणत होते, त्याला दोन महिन्यांपूर्वी त्याच नेटवर, त्याच लोकांसमोर मीच गप्प बसवलं होतं. त्याचा उल्लेख मी केला नाही. गेलेल्या माणसाची चूक कशाला काढायची, असा मोठेपणा मी मनातल्या मनात घेतला.

चूक तुमची नव्हतीच. हे मला कळलं त्याला आता काही दिवस झाले आहेत. ते कसं कळलं आणि कळल्यावर मी काय केलं, हे क्रमानं लिहिते. क्रम सोडला तर मी पळवाट काढीन, हे मला माहीत आहे.

तुमची-माझी ओळख एका बंद पडलेल्या रेडिओमुळं झाली. आमच्या नळदुर्गच्या शाळेतला तो रेडिओ घेऊन मी तुमच्या दुकानात आले, तेव्हा सोबत बिघाडांची यादी होती. सात मुद्दे. तुम्ही यादी पूर्ण वाचलीत, घडी घालून परत दिलीत.

"बाई, दुखणं एकच हाय. बाकीची सहा त्याची पोरं हायत."

"न उघडता कसं कळलं तुम्हाला?"

"कळलं कुठं? आता उघडणारच हाय म्हणून बोललो."

आणि उघडून एक फुगलेला कपॅसिटर दाखवलात. त्यानंतर परवान्याच्या परीक्षेसाठी मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर यायला लागले. मोर्स, ती तारेची कडकट्ट भाषा, तुम्ही मला काउंटरवर पाना आपटून शिकवलंत. एकदा टेप घ्यायला आलेला ड्रायव्हर बराच वेळ ते बघत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "अप्पा, पाना बिघडलाय का तुमचा?" तुम्ही न हसता म्हणालात, "व्हय, ह्या बाई दुरुस्त करायल्यात." मी परीक्षा पास झाले, हळूहळू नेटची हजेरी माझ्याकडं आली, मंडळाचे कागद माझ्याकडं आले. तुम्हाला त्याचा अभिमान होता. "आमच्या बाईंनी लिहून ठिवलंय म्हणजे झालं," असं तुम्ही लोकांना सांगायचात. मला ते ऐकायची सवय लागली.

गेल्या पावसाळ्यात टॉवर बंद पडून दोन दिवस मोबाइल गेले. लोहाऱ्याहून नळदुर्गला गावांची नावं, लागणाऱ्या औषधांची नावं आपण रेडिओवरून तोंडी पाठवली. एकेक नाव तीन-तीनदा. तेव्हा मी ठरवलं की आपल्या सहा स्टेशनांवर रेडिओला लॅपटॉप जोडायचा, म्हणजे यादी टाइप करून हवेतून पाठवता येईल. अडचण एवढीच होती की आपले रेडिओ जुने. त्यांना नऊ पिनांचं सिरियल सॉकेट लागतं, आणि आताच्या लॅपटॉपला नुसतं यूएसबी असतं. मधे अडॅप्टर लावावा लागतो. वीतभर वायर, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना. त्यातून लॅपटॉप रेडिओला फ्रीक्वेन्सी सांगतो, आणि एका स्वतंत्र तारेनं 'आता प्रक्षेपण सुरू, आता बंद' हेही सांगतो. म्हणजे माइकवरचं बटण दाबायचं काम ती तार करते. तिच्यात वीज आली की रेडिओ समजतो, कुणीतरी बटण दाबलंय.

बाजारात असे अडॅप्टर ढिगानं मिळतात आणि दिसायला सगळे सारखे. मी तक्ता केला. किंमत, वायरची लांबी, किती दिवसांत येणार, वॉरंटी, घेणाऱ्यांनी दिलेले तारे. पाच रकाने, अकरा ओळी. नळदुर्गजवळच्या ढाब्यावर आपली बैठक झाली तेव्हा मी सगळ्यांना त्याची एकेक प्रत दिली. तुम्ही चष्मा पुसून तक्ता उभा-आडवा वाचलात.

"तक्ता झकास हाय बाई. पण आत काय हाय, त्याचा रकाना कुठंय?"

"आत म्हणजे?"

"चिप असली हाय का नकली. आन् लॅपटॉप चालू व्हताना तारा कशा वागत्यात."

"अप्पा, ते बघायला फोडावा लागेल."

"मग एक फोडू की."

"नवा कोरा?"

"नवाच फोडायचा असतो. जुना झाल्यावर कुणीबी फोडतंय."

सगळे हसले. काझीभाई म्हणाले, "अप्पांना आहेरात घड्याळ देऊ नका रे, मांडवातच उघडून बसतील." तुम्हीही हसलात, पण मुद्दा सोडला नाहीत. फोडायचा नसेल तर दुसरा उपाय सांगितलात. बटणाचं काम करू शकतील अशा अडॅप्टरमधल्या दोन तारांवर दोन लहान एलईडी दिवे लावायचे, अडॅप्टर रेडिओला न जोडता नुसता लॅपटॉपला लावायचा आणि लॅपटॉप बंद करून चालू करायचा. चालू होताना दिवा लागून तसाच राहिला, तर त्या तारेला माइकच्या बटणाचं काम द्यायचं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. मी वहीत लिहिलं, 'सूचना नोंदवली', आणि तक्त्यातल्या पहिल्या ओळीचे सहा अडॅप्टर मागवले.

ते बसवायला मी एका रविवारी निघाले. एका दिवसात तीन घरं, असा आराखडा होता. तुमच्याकडं चाळीस मिनिटं. टेबलावर लॅपटॉपला जागा हवी म्हणून मी तुमचा रेडिओ उचलून वरच्या फळीवर ठेवला.

तुम्ही म्हणालात, "वर ठिवला तर ह्या चष्म्यातनं लाल दिवा दिसायचा न्हाय मला."

मी म्हणाले, "दिवा कशाला बघायचा आता? सगळं स्क्रीनवर दिसतं."

मी प्रोग्राम टाकला, लॅपटॉप चालू केला की तो आपोआप उघडेल अशी सोय केली, लोहाऱ्याला एक चाचणी संदेश पाठवला. काझीभाईंनी आपला लॅपटॉप नुसता रेडिओजवळ ठेवून तो वाचला आणि बोलून पोच दिली. मी यादीवर खूण केली. अव्वांनी, म्हणजे तुमच्या घरच्यांनी, चहा आणला. तुम्ही पडद्याकडं बघत होतात.

"बाई, एकदा बंद करून परत चालू करून बघू या का?"

"अप्पा, चालतंय ते."

"आता चालतंय. चालू व्हताना बघायचंय."

बाहेर लोहाऱ्याची जीप भरत आली होती. मी चहा अर्धा ठेवून निघाले. त्या दोन मिनिटांत सगळं उघड झालं असतं. तो अडॅप्टर चालू लॅपटॉपला जोडला तर नीट वागायचा. पण लॅपटॉप नव्यानं सुरू झाला की त्या तारेत स्वतःच वीज सोडायचा, आणि प्रोग्रामच्या सेटिंगमधली एक खूण मी होती तशीच ठेवली होती म्हणून प्रोग्राम ती बंद करायचा नाही. तुम्ही लॅपटॉप चालू केलात की तुमचा रेडिओ प्रक्षेपण करत बसणार होता. बाकीचे लॅपटॉप वेळ पडली तरच लावणार होते; रोजच्या हजेरीला लावणारे तुम्ही एकटेच. ते चालू असताना रेडिओला काही ऐकू येत नाही. आणि प्रक्षेपण चालू आहे हे सांगणारा लाल दिवा मी फळीवर नेऊन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या सगळ्यांच्या रेडिओवर तुमचं घर ऐकू यायला लागलं.

आधी भांड्यांचा आवाज. मग कुकर. मी तीनदा पुकारलं, "अप्पा, माइकचं लॉक काढा, तुमचं सगळं हवेत येतंय." तुमच्या टेबल-माइकला बटण दाबून ठेवायचं लॉक आहे, ते काढायचं राहिलं असेल असं सगळ्यांनाच वाटलं. तुम्हाला आमचं काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी आम्ही नेट जरा वरच्या फ्रीक्वेन्सीवर नेलं. कुणी ना कुणी खाली कान लावून होतंच. "तिसरी शिट्टी. अप्पांकडं आज तूर दिसतीय," असं काझीभाईंनी सांगितलं आणि नेटवर हशा झाला. मीही हसले.

मग अव्वांचा आवाज आला. त्या कानडीत बोलायला लागल्या आणि मधेच मराठीत आल्या, "गोळी घेतली का? हात बघा कसा थरथरायलाय. ठिवा आता ते डबडं."

आणि तुम्ही म्हणालात, "थांब की. बाईंनी एवढं येऊन बसवून दिलंय. हजेरीला न्हाय म्हणू कसं?"

ते सगळ्यांनी ऐकलं. हात थरथरतो, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्याही.

तीन सकाळी हे झालं. मी फोन करत होते, पण तुमचा फोन आतल्या खोलीत असायचा. तिसऱ्या दिवशी नेट संपता संपता तुम्ही लॅपटॉप बंद केलात, रेडिओ पूर्ववत झाला आणि तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "जळकोट. सगळ्यांना नमस्कार. आज हवा लई मोकळी हाय, कुणीच ऐकू येईना झालंय."

आम्ही सगळे लगेच खालच्या फ्रीक्वेन्सीवर आलो. तेव्हा मी जे बोलले ते शब्दशः लिहिते, कारण ते मी वहीतही लिहून ठेवलेलं आहे. "अप्पा, तुमचा हात बटणावर राहतो आणि सगळ्यांची सकाळ वाया जाते. वयाप्रमाणे असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पुढची सूचना मिळेपर्यंत तुम्ही फक्त ऐकायचं."

 मग तुम्ही म्हणालात, "बरं बाई."

एवढंच. वाद घालणारे तुम्ही, एका अडॅप्टरवरून अर्धा तास माझ्याशी हुज्जत घालणारे तुम्ही, पाच लोकांसमोर "बरं बाई" म्हणालात. मला वाटलं, चूक कळली म्हणून म्हणालात.

त्या दिवशी दुपारी शाळेत तुमचा फोन आला. "बाई, माझा हात नव्हता."

"मग लॉक राहिलं असेल, अप्पा."

"लॉक काढलेलंच असतंय."

आणि मी म्हणाले, "अप्पा, अव्वा काय म्हणाल्या ते आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

"काय म्हणली?"

मी सांगितलं. गोळीचं, हाताचं, सगळं. तुमच्या घरातलं बोलणं जिल्हाभर गेलंय हे तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते मी तुम्हाला पुरावा म्हणून सांगितलं.  मग म्हणालात, "आता हिला काय सांगू म्या?" आणि फोन ठेवलात.

मी काय केलं असेल? मी एक कार्ड टाइप केलं, लॅमिनेट करून घेतलं आणि एसटीनं तुम्हाला पाठवलं. 'एक, बोलून झाल्यावर लॉक काढले का? दोन, हात माइकपासून दूर आहे का?' असे सहा प्रश्न. ज्या माणसानं मला मोर्स शिकवलं, त्याला. वर 'अप्पांसाठी, स्नेहपूर्वक' असंही लिहिलं होतं.

त्या आठवड्यात तुमचे आणखी दोन फोन आले. दोन्ही वेळा मी म्हणाले, "रविवारी बैठक आहेच, तेव्हा बोलू." रविवारी तुम्ही आलात. विषय संपले, लोक उठायला लागले, तेव्हा तुम्ही माझ्याजवळ आलात. हातात घडी केलेला कागद होता.

"बाई, जरा बाजूला येता का?"

मी म्हणाले, "जे असेल ते सगळ्यांसमोर बोला अप्पा. मंडळात लपवाछपवी नको."

तुम्ही एकदा सगळ्यांकडं बघितलंत. कागद खिशात ठेवलात. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणालात. जाताना काझीभाईंना विचारलंत, "जीप हाय का अजून?" आपलं समोरासमोर बोलणं तिथं संपलं. त्यानंतर जवळजवळ दोन महिने तुम्ही नेटवर आला नाहीत. पहिला आठवडा मी तुमचं नाव पुकारत होते, मग वेळ वाचावा म्हणून हजेरीतून काढलं. आणि एका दुपारी जेवून पडलात ते उठलाच नाहीत.

अव्वांचा निरोप आला की रेडिओचं सामान मंडळानं घेऊन जावं, पडून राहिलेलं त्यांना आवडणार नाही. मी गेले. तुमची खोली तशीच होती. भिंतीवर माझं कार्ड होतं, आणि त्याखाली कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तुम्ही पेन्सिलीनं रोजच्या खुणा केल्या होत्या. सहा प्रश्न, सहा खुणा, रोज. ज्या माणसाला बोलायची परवानगीच नव्हती, तो रोज सकाळी लॉक काढल्याची खूण करत होता. ते बघूनही मला काही कळलं नाही. मी मनात म्हणाले, बघा, कार्डाचा उपयोग झाला.

मी कामाला लागले. माइक काढून खोक्यात ठेवला. मग विचार केला, रेडिओ चालतो का ते बघून घ्यावं. अडॅप्टर लॅपटॉपला नव्हता, टेबलाच्या खणात एका कागदात गुंडाळून ठेवलेला सापडला. अप्पांना नवं जमलं नाही म्हणून काढून ठेवला असेल, असं मला वाटलं. कागद बाजूला ठेवला, माझ्याच आराखड्याप्रमाणं सगळं जोडलं आणि लॅपटॉप चालू केला.

प्रोग्राम उघडला. फळीवर रेडिओचा लाल दिवा लागला.

माइक खोक्यात होता. खोलीत मी एकटी होते आणि माझे दोन्ही हात मांडीवर होते. दिवा लागलेलाच राहिला. मी लॅपटॉप बंद केला, दिवा गेला. चालू केला, आला. चार वेळा केलं. मग तो कागद उघडला.

तुमचं अक्षर. 'अडॅप्टर काढून लॅपटॉप पाच वेळा चालू-बंद. रेडिओ गप्प. अडॅप्टर जोडून पाच वेळा. पाचही वेळा दिवा. माइक पूर्ण काढून परत पाच वेळा. तरी दिवा. दोष लॉकचा नाही. हाताचा नाही. दोष अडॅप्टरच्या तारेचा आणि प्रोग्राममधल्या एका खुणेचा.' खाली ती खूण कुठल्या पानावर आहे तेही लिहिलं होतं. आणि त्याखाली: 'बाकीच्या पाच जणांकडं हेच होईल, लवकर सांगणे. पण बाईंना आधी, एकट्यात. लोकांसमोर नको, त्यांनी निवडलेत.'

अप्पा, मी तुम्हाला लोकांसमोर उभं केलं, आणि तुम्ही मला लोकांपासून वाचवायला बाजूला बोलवत होतात. मी तर म्हणाले, लपवाछपवी नको.

अव्वा दारात आल्या. "चालतंय का सगळं?"

मी म्हणाले, "हो अव्वा, चालतंय."

चहा प्याले. पूर्ण प्याले. सामान जीपमध्ये ठेवलं. तुमचा छोटा रिसीव्हर तेवढा अव्वांनी दिला नाही. "हे ऱ्हाऊ दे. सकाळचं ऐकत जाईन, त्यांचे दोस्त बोलत्यात ते." मी मान हलवली आणि आले.

घरी येऊन तुमच्या सांगण्याप्रमाणं मी माझा अडॅप्टर फोडला. नवा कोराच होता, मी तो खोक्यातून काढलाही नव्हता. चिपवरचं नाव घासून काढलेलं होतं. नुसता काळा चौकोन. दुसऱ्या दिवशी मी बाकी चौघांना निरोप दिला की ते अडॅप्टर रेडिओला जोडू नका, तांत्रिक कारण आहे. तांत्रिक कारण. वहीत लिहिलं, 'नेटवर अप्पांबद्दल खुलासा करणे.' दुसऱ्या दिवशीच्या यादीत तो मुद्दा पुढं ओढला. तिसऱ्या दिवशीच्या यादीतही. माझ्या वह्यांमध्ये पुढं ओढलेले मुद्दे फार नसतात. हा दहा दिवस ओढला. कारणं होती: लोक दुखवट्यात आहेत, अंकात लिहू, वार्षिक बैठकीत सांगू. खरं कारण एकच होतं. "आमच्या बाईंनी लिहून ठिवलंय म्हणजे झालं," हे तुमचं वाक्य मला अजून हवं होतं.

अकराव्या सकाळी मी सांगितलं. हजेरीच्या आधी. अडॅप्टर मी निवडले, अप्पांनी तपासायला सांगितलं होतं, मी तपासले नाहीत. रेडिओ मी फळीवर ठेवला. बंद करून चालू करून बघू, असं अप्पा म्हणाले, मी ऐकलं नाही. त्यांचा हात बटणावर नव्हता, त्यांचा हात थरथरायचा हे खरं असेल तर तो त्यांच्या घरातला विषय होता आणि तो आपण ऐकायला नको होता. तुमचा कागद मी पूर्ण वाचून दाखवला, शेवटच्या ओळीसकट.

 मग काझीभाई बोलले. "बाई, ते शिट्टीचं आम्हीच बोललो होतो. आमचं पण लिहून घ्या त्यात." 

मला हलकं वाटलं. तेही सांगितलं पाहिजे. वाटलं, झालं, मुद्दा खोडायला हरकत नाही.

साडेसातला अव्वांचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत.

"ऐकलं म्या," त्या म्हणाल्या.

"अव्वा, मी आधीच तुम्हाला..."

"ऐकलं म्हणलं की. लई बोललात. समदं बोललात. एक ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"गप ऱ्हावा म्हणालता ना त्यांस्नी? ते कुठं माघारी घेतलं तुमी? रोज इचारायची म्या, बोलत का न्हाय, मशीन तर नीट झालंय. म्हणायचे, बाईंची सूचना यायचीय अजून."

 त्या पुढं म्हणाल्या, "आजारी पडले तरी सातला बसायचे. शेवटच्या दिवशी पण बसले. कान लावून. सूचना यील म्हणून."

पुढची सूचना मिळेपर्यंत. हे मी म्हणाले होते आणि विसरले होते. तसली सूचना द्यायचा मला काही अधिकार नव्हता. परवाना तुमच्याकडं माझ्या आधीपासून होता. तुम्ही एका शब्दानं म्हणाला असतात, तर मला मागं घ्यावं लागलं असतं. पण तुम्ही मला शिकवताना नेहमी सांगायचात, नेट चालवणाऱ्याचं ऐकायचं, पटलं नाही तरी ऐकायचं, नाहीतर हवेत बाजार भरतो. तुम्ही तुमचाच नियम पाळत बसलात, आणि नेट चालवणारी तुम्हाला विसरून गेली होती.

आज सकाळी सात वाजता, हजेरीच्या आधी, मी माइक घेतला आणि म्हणाले, "सूचना. जळकोटच्या मल्लिनाथ अप्पांना फक्त ऐकण्याची अट घातली होती. ती चुकीची होती. ती आजपासून रद्द आहे. सगळ्या स्टेशनांनी पोच द्यावी."

"लोहारा. ऐकली," काझीभाई म्हणाले. मग एकामागून एक बाकीचे तिघे, प्रत्येकानं आपलं ठिकाण सांगून, तेवढाच एक शब्द. मी चौघांच्या नावापुढं खुणा केल्या.

सूचना द्यायला किती वेळ लागला ते मी घड्याळावर बघितलं, अप्पा. बारा सेकंद.